आप्पांचा सल्ला, पूर्ण नावासह

रंगनाथआप्पा विधाते बाटलीबंद पाण्याचाही वास घेत. सील फोडायचं, बाटली नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, आणि मगच एक घोट. हे सगळं विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेच्या एसी हॉलमध्ये, सल्लागार समितीच्या भर बैठकीत चालायचं.

"आप्पा, शुद्ध आहे ते. वर लिहिलंय," एकदा आमचे संचालक म्हणाले.

"लिहिलंय म्हणून? माझ्या कपाळावर कलेक्टर लिहा, मंग मी कलेक्टर."

मी त्या वेळी संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट होते. नवी नोकरी, दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं. बैठकीत कोपऱ्यातली खुर्ची माझी. बोलायचं काम मला नव्हतं, आणि ते मला फार सोयीचं होतं. माझं काम इतिवृत्त लिहिण्याचं.

लिहिण्याचं म्हणजे टाइप करण्याचं, आणि तेही आदल्या दिवशी. "उद्या काय ठरणार ते मला माहीत आहे, मग वेळ कशाला घालवायचा?" असं आमचे संचालक, म्हणजे सर, म्हणत. त्यामुळे बैठक सुरू होण्याआधीच ती माझ्या फायलीत इंग्रजीतून, सर्वानुमते, आभारप्रदर्शनासह संपलेली असे. सदस्य येत, काजू खात, सह्या करत आणि जात. बाहेरच्या सल्लागारांनी संस्थेला दिशा दाखवावी असा नियम होता. दिशा आधीच टाइप झालेली असल्यामुळे कुणाला त्रास होत नसे.

त्याच नियमात एक सल्लागार स्थानिक शेतकरी असावा असंही होतं. सरांनी आप्पांना निवडलं, कारण एका उद्घाटनाला ते पुढच्या रांगेत बसून भाषण संपेपर्यंत मान डोलवत होते. ती मान झोपेत डोलत होती, हे सरांना उशिरा कळलं.

पहिल्याच बैठकीत सहीसाठी कागद पुढे आला तेव्हा आप्पांनी तो उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे सरकवला.

"ताई, वाचा. मराठीत."

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. घरी मराठी बोलायचे, पण 'सदर ठराव' वगैरे माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. लाल होत मी वाचायला लागले. "समितीने... अं... नाल्याच्या पाण्यावर समाधान केले."

"केले नाय, व्यक्त केले," आप्पा म्हणाले. "पन कुनी व्यक्त केलं? मी तर आत्ता आलो."

आप्पांनी पेनाचं टोपण लावलं. "माझा इरोध हाय. लिहा."

"कशाला विरोध, आप्पा?" समितीतले निवृत्त चीफ इंजिनिअर वैतागून म्हणाले.

"ते पुढं सांगतो. आधी इरोध लिहा, न्हायतर तुमी चहा मागवाल."

तेव्हापासून हेच चाललं. आप्पा अर्धा तास आधी येत, चपला दाराबाहेर देवळासारख्या काढत, टोपी मात्र डोक्यावर ठेवत. मी वाचायची, ते दुरुस्त करायचे. माझी मराठी सुधारली ती शाळेने नाही, आप्पांच्या विरोधाने. हॉलमधल्या प्लास्टिकच्या फुलांनाही त्यांचा विरोध होता. "पर्यावरनाच्या हाफिसात?" एवढंच म्हणाले. पुढच्या वेळी पिशवीतून झेंडू आणला आणि फुलदाणीतली फुलं सरांच्या टेबलाखालच्या टोपलीत घातली. सर म्हणाले, हा माणूस डोक्याला ताप आहे. तरीही त्यांच्याशिवाय चालत नव्हतं, कारण सगळ्यांच्या सह्या झाल्याखेरीज इतिवृत्त वर जात नसे, आणि ते वर गेल्याखेरीज आमचं पानही हलत नसे.

खरा वाद पेटला तो नाल्याच्या अहवालावर. शहराच्या कडेने वाहणाऱ्या नाल्याचं पाणी शेतीला योग्य आहे का, हे आम्हाला सांगायचं होतं. आमचे नमुने गंगापूर रोडच्या अलीकडे, पुलाखालून घेतलेले. तिथपर्यंत जीप जात होती, आणि वर चहाची टपरी होती. पाणी उत्तम निघालं. मी ते आदल्या दिवशीच सर्वानुमते मंजूर करून ठेवलं होतं.

"पुलाखालचं पानी कोन वापरतं?" आप्पांनी विचारलं. "कुनी न्हाय. त्याच्याखाली कारखान्याच्या शेडी हायेत, त्यांचं पानी मिसळतं. त्याच्याखाली आमचे मळे. सकाळी येऊन बघा, कधी निळं असतंय, कधी फेस. मोटर त्यातच, पालक त्यावरच. तिथलं भरा बाटलीत."

"पुढच्या टप्प्यात बघू," सर म्हणाले.

"पुढच्या टप्प्यापरेंत पालक थांबत न्हाय. लोक उद्याच खात्यात."

तेव्हा चीफ इंजिनिअर पुढे झुकले. आवाज मऊ केला. "आप्पा, तुमच्या भल्याचं सांगतो. उद्या तुमच्या मळ्याचं नाव छापून आलं, तर तुमची भाजी कोण घेईल? कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेता?"

आप्पांनी समोरची बाटली उचलली, उघडली, आणि ते वास न घेताच प्यायले. मला वाटलं, संपलं. मी सहीचा कागद पुढे करणार होते.

"लिहा ताई," ते म्हणाले. "रंगनाथ विधाते यांच्या मळ्यालगतचा नाला. पूर्ण नाव लिहा. नुसतं 'एक ठिकाण' लिहिलं, तर ही मंडळी परत पुलाखाली जात्यात."

"आप्पा, समिती फक्त सल्ला देते," सर कडक आवाजात म्हणाले. "निर्णय संस्थेचा."

"मंग सल्ला तरी लिहून घ्या की. आन् तुमी तो ऐकला न्हाय, हेबी लिहा. मी सही करतो."

सर माझ्याकडे बघत होते. मी खाली मान घालून लिहीत होते. दोन्ही वाक्यं लिहिली, पूर्ण नावासह, आणि खोडली नाहीत. त्या आठवड्यात विद्यापीठाची तपासणी होती. असं इतिवृत्त वर पाठवणं सरांना परवडणारं नव्हतं. "एक सॅम्पल घेऊन या बाई," ते म्हणाले.

मी गेले. आप्पा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून नाल्यात उभे. "वरवरचं नको. मोटरीच्या पाइपाच्या तोंडाशी भरा. आता माझ्या वरच्या विहिरीचंबी घ्या, कळू द्या एकदा." मी दोन्ही बाटल्या भरल्या, पालकाची एक जुडीही घेतली. विहिरीचं पाणी चांगलं निघालं. नाल्याच्या पाण्यात आणि पालकाच्या पानांत जे नसायला हवं, ते होतं.

अहवाल गेला, पेपरात बातमी आली, पूर्ण नावासह. कारखानदारांना उशिरा का होईना नोटिसा निघाल्या, शेड्सचे पाइप बंद झाले. पण बाजारात त्याआधीच आप्पांचीच नव्हे, त्या अख्ख्या काठाची भाजी परत पाठवायला सुरुवात झाली होती. "म्हातारा आमच्या पोटावर उठला," असं शेजारचे मळेवाले म्हणतात, हे आमच्या शिपायाने मला सांगितलं.

थोड्याच दिवसांत समितीची मुदत संपली. नव्या यादीत आप्पा नव्हते. 'आपल्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल' असं पत्र, शाल आणि नारळ घेऊन मलाच पाठवलं गेलं.

"शाल? वैशाखात?" आप्पांनी ती बाजूला ठेवली. पत्र मी वाचून दाखवलं. एकही चूक काढली नाही त्यांनी. नाल्याकडचं सगळं रान नांगरून मोकळं पडलं होतं. फक्त घरामागे, विहिरीच्या अंगाला, मेथीचे चार वाफे हिरवेगार होते.

ओट्यावर मेथीच्या जुड्या ओळीने मांडलेल्या होत्या. सुतळीने नीट बांधलेल्या, पण माना टाकलेल्या.

"विकायच्या आहेत?" मी विचारलं.

"न्हाय. काठावरची बारा घरं हायेत. मळेवाल्याच्या घरात भाजी इकत आनायची, बरं दिसतं का ते? इहिरीवरची हाय, तुमीच तपासली. पहाटे एकेकाच्या दारात ठेवून येतो."

"आणि ह्या?"

"परत येत्यात. दुपारपरेंत समद्या माझ्या ओट्यावर. बोलत न्हाय कुनी, ठेवून जात्यात." ते त्या जुड्यांवर पाणी शिंपडू लागले. महिना होत आला होता, असं म्हणाले. घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं.

मी जुड्या मोजल्या. अकरा होत्या.

"आप्पा, आज एक कमी आहे."

"हां." त्यांनी तोंड वाफ्यांकडे फिरवलं. "सकाळधरनं बघतोय मी."

"कुणाच्या घरची?"

"इचारायचं न्हाय, ताई," आप्पा हळूच म्हणाले. "शिजवतायत. शिजू द्या."