वाचनालयाच्या कॉम्प्युटरची वाटणी

आमच्या गावच्या वाचनालयात कॉम्प्युटर एक आणि गट दोन, एवढीच मूळ अडचण होती. बाकी सगळं नियमाप्रमाणे झालं.

कॉम्प्युटर मीच दिला. माझी बायको शिवकन्या गेली, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. तिनं अकरा वर्षं गावातल्या बायांना वाचायला शिकवलं. एखादी बाई पहिल्यांदा अख्खं वाक्य वाचायची, तेव्हा शिवकन्या ते कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. अशा त्रेसष्ट जणींचे आवाज त्यात होते. अडखळणारी बाई दर वेळी वेगळी, पण मागून 'थांबू नको, पुढं वाच' म्हणणारा आवाज एकच. तिचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही. घरात एकट्याला तो ऐकवेना. वाटलं, वाचनालयात राहील, चार माणसं ऐकतील.

अध्यक्ष किशनराव म्हणाले, विंडोजच ठेवा, वार्षिक अहवालाचा फॉर्म तिच्यावरच उघडतो. सचिव महारुद्र म्हणाले, यातली विंडोज चोरीची कॉपी आहे, लिनक्स टाका, ती फुकट असून कायदेशीर आहे. दोघांनाही कॉम्प्युटर चालू करता येत नव्हता, त्यामुळं चर्चा तत्त्वाची झाली आणि तीन महिने चालली.

शेवटी सेलूहून मल्लेशला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

"भांडायलाव कशाला मालक?" तो म्हणाला. "एकाच मशिनीत दोन्ही बसत्यात. डिस्कची वाटणी करायची. चालू केलं की यादी येती, दोन नावांची. पाहिजे ते निवडा. न्हाई निवडलं तर दहा सेकंदानं वरचं आपोआप चालू."

"वरचं म्हंजे?" किशनरावांनी विचारलं.

"यादीत ज्याचं नाव वर हाय ते."

झालं. मल्लेशनं तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं.

आधी वाटणी झाली. दोन्हीकडचे तीन-तीन पंच हजर होते. निम्मी-निम्मी डिस्क यावर एकमत झालं, पण महारुद्रांनी उगवतीचा हिस्सा मागितला.

"साहेब, डिस्क गोल हाय," मल्लेश म्हणाला. "तिला उगवत-मावळत न्हाई."

"पृथ्वी पण गोलच हाय. तिला हाय का न्हाई?"

मल्लेशनं कॉम्प्युटर टेबलासकट फिरवून दिला. पंचनाम्यात तशी नोंद आहे.

शिवकन्याचे आवाज कुणाच्या वाट्याला जाणार हे मी विचारलं. मल्लेश भला माणूस. म्हणाला, "अप्पा, मधी एक सामाईक हिस्सा ठेवतो. दोन्ही सिस्टिमीतून उघडंल." पंचांनी त्याची नोंद 'गायरान' अशी केली. मला तेव्हा बरं वाटलं. गायरानाचं पुढं काय होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण माणूस दुःखात असला की चांगल्या शब्दांवर विश्वास ठेवतो.

मग यादीतल्या मानाचा प्रश्न आला. पंधरा दिवस विंडोज वर, पंधरा दिवस लिनक्स वर, असं ठरलं. फेब्रुवारीत दिवस अठ्ठावीस असल्यानं ते मोडलं. त्यावर तोडगा म्हणून दहा सेकंदांची मुदत काढून टाकली. आता कुणी निवडल्याशिवाय काहीच चालू होणार नव्हतं आणि दुसऱ्या गटाच्या गैरहजेरीत कुणी निवडायचं नव्हतं. दोन्ही गट एकत्र कधी येत नसल्यानं कॉम्प्युटर दीड महिना त्या यादीवरच उभा होता. येणारे लोक समोर बसून दोन नावं वाचायचे आणि घरी जायचे. वार्षिक अहवालात 'संगणक नियमित वापरात आहे' असं लिहिलं, आणि तो अहवाल हातानं लिहून पाठवला.

गायरानावर मात्र दोन्हीकडून अतिक्रमण सुरूच होतं. कसं ते विचारू नका. किशनरावांच्या पुतण्याच्या लग्नाचे व्हिडिओ तिथं सापडले. महारुद्रांच्या मेव्हण्याच्या प्रचाराची गाणी सापडली. जागा संपली. दोन्ही सिस्टिमी अपडेटसाठी जागा मागू लागल्या.

मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. म्हणालो, तिचे आवाज तेवढे उतरवून द्या.

"अप्पा, दान दिलेली वस्तू परत घेता येत न्हाई," किशनराव म्हणाले.

"वस्तू कुठं मागायलोय? नक्कल द्या."

"नकलेला दोघांची सही लागती. महारुद्रानं केली की मी करतो."

महारुद्र म्हणाले, "माझं काहीच म्हणणं न्हाई. अध्यक्षाची सही आधी लागती, एवढंच."

अर्ज घेऊन सात वेळा गेलो. अर्जाची घडी फाटली, तेव्हा नवा लिहायला सांगितलं.

तेवढ्यात सर्वसाधारण सभा झाली. वाचनालयाच्या इतिहासात पहिल्यांदा ठराव एकमतानं मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी मल्लेशनं सामाईक हिस्सा पुसून दोन्हीकडं निम्मा-निम्मा जोडून दिला. लग्न आणि गाणी आपापल्या मालकांकडं आधीच गेली होती. शिवकन्याच्या आवाजांवर कुणी हक्क सांगितला नव्हता.

मी तावातावानं ठरावाची प्रत मागितली. ती लगेच मिळाली. खाली एकोणीस सह्या बायांच्या. एकही अंगठा नव्हता.

तसाच पंचफुलाबाईकडं गेलो. बावन्नाव्या वर्षी वाचायला शिकलेली बाई. त्रेसष्टातला सगळ्यात मोठा आवाज तिचा होता. ती अंगणात तूर निवडत होती. कागद समोर धरला.

"पंचफुला, ही सही तुझीच ना?"

"माझीच. सुरेख आलीय की न्हाई?"

"वर काय लिहिलंय?"

तिनं चष्मा लावला. बोट ठेवून वाचलं, एकदाही न अडखळता: "सामाईक हिश्श्यातील सर्व बिनमालकी मजकूर कायमचा नष्ट करण्यास सर्वांची संमती आहे." मग तिचं बोट थांबलं.

"बाईचं गेलं का वो सगळं, अप्पा?"

"गेलं. आधी वाचलं का न्हाईस?"

"कागद फिरत आला. चहा येत व्हता. सगळेच करायलेत म्हणून केली." तिनं कागद माझ्याकडं फिरवला. "तुमी तरी वाचलं व्हतं का?"

वरून तिसरी सही माझी होती.

मी ती हजेरी समजलो होतो. आता गावात जो भेटतो तो मला हसतो, तुम्हीही हसा. फक्त आज सकाळी मोबाइलवर 'मला मान्य आहे' यावर तुम्ही बोट ठेवलंत, त्याच्या वर काय लिहिलं होतं तेवढं सांगा.