ईराण्णांचं जोडाक्षर

ईराण्णा पहिल्यांदा आमच्या घरी आले, हात धुवायला म्हणून मोरीत गेले आणि अर्धा तास बाहेरच आले नाहीत. मी दार ढकलून पाहिलं, तर भिंतीच्या फरशा बोटानं मोजत उभे. मला म्हणाले, "'क्ष'ला घरं कमी पडत्यात हो." ते गेल्यावर बायकोनं काळजीनं विचारलं, "कुणाची घरं पडली?"

मलाही नीट सांगता येईना. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका कारखान्यात आम्ही दोघं होतो. दिव्यांच्या ठिपक्यांनी अक्षरं उमटवणाऱ्या पाट्या तिथं बनायच्या. मी कारकून, गडहिंग्लजचे ईराण्णा अक्षरं पाडायचे. चौकडीच्या कागदावर एक घर म्हणजे एक दिवा. कुठलं घर काळं करायचं, कुठलं सोडायचं, एवढंच काम. त्यात माणूस आठ-आठ दिवस एका अक्षरावर कसा बसतो, मला कळायचं नाही. विचारलं तर म्हणायचे, "पावणं, वेलांटीला डोकं टेकाय जागा नको व्हय?" सहा वर्षं शेजारी बसूनही मी आपला 'पावणं'च.

नवी पाटी तपासताना बाकीचे 'सुस्वागतम' उमटवायचे. ईराण्णा 'गौरव्वा' असं बाईचं नाव उमटवायचे. दिवे पेटले की जोड 'व'ची पोटं भरून जायची आणि 'गौरब्बा' दिसायचं. मग पुन्हा खोडरबर.

एकदा एका दवाखान्याच्या पाटीचं काम आलं. पाटीवर ज्याचं नाव येईल, त्यानं डॉक्टरांकडे आत जायचं. ईराण्णा पुन्हा 'व'पाशी अडले. मालक वैतागले, "अहो, गौरवा करा नि सोडा! कोण वाचतंय?"

"ती वाचती की."

"ती कोण?"

ईराण्णांनी मान खाली घातली. पन्नाशी उलटलेला माणूस! कारखान्यात कुजबूज सुरू झाली. खोटं कशाला सांगू, मीही त्यात होतो.

पाटी बसवल्यावर ती नीट चालते का, हे बघायला मालकांनी मला दवाखान्यात पाठवलं. सकाळची गर्दी होती. बाकावर ईराण्णा, शेजारी डोईवर पदर घेतलेल्या एक बाई, नजर पाटीवर खिळलेली.

"आमची मंडळी," ईराण्णा म्हणाले. "पंधरा वर्सं झाली, कानानं काय ऐकू येत न्हाय. शिपाई नाव पुकारून दमायचा, हिला पत्ता न्हाय. मग मी हात धरून उठवायचा."

तेवढ्यात पाटीवर लाल अक्षरं सरकली. गौरव्वा. दोन्ही 'व' मोकळे, स्वच्छ.

बाई पदर सावरत आपणच उठल्या. ईराण्णाही लगबगीनं उठले. बाईंनी त्यांना हातानंच 'बसा' म्हणून खुणावलं आणि एकट्या आत गेल्या.

"वाचलं की हो त्यांनी!" मी म्हणालो.

"व्हय."

दार बंद झालं तरी ते उभेच. बायकोला धरायला पुढं केलेला हात आता कुठं ठेवावा, त्यांना सुचेना. शेवटी तो त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. आनंद झालाय की वाईट वाटतंय, मला काही समजेना. मी आपला न हलता उभा राहिलो.