प्रतीक्षालयातला पाय

पाणीपुरवठा कार्यालयाचे निवृत्त हेडक्लार्क, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांच्या पत्नीचा डावा पाय घोट्यापाशी मुरगळून सुजला, ही घटना खासगी स्वरूपाची होती. निदान चार दिवस तरी तशी समजूत होती. पाचव्या दिवशी इस्त्रीवाल्याने कपडे मोजून घेता घेता विचारले, "काकू, आज सूज जरा कमी दिसली. पण अंगठ्याकडचं काळंनिळं तसंच आहे, नाही का?"

काकूंनी पाय झटकन पांघरुणात ओढला. "तुला कोणी सांगितलं रे?"

"सांगायला कशाला हवं? नळाच्या अर्जासाठी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात रोज हेलपाटे घालतोय. तिथल्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसतो की! टोकन एक्केचाळीस, मग तुमचा पाय, मग टोकन बेचाळीस."

झाले होते ते असे. भाऊसाहेब परगावच्या डॉक्टर लेकीसाठी रोज पायाचा फोटो काढत. नव्या फोनमध्ये त्यांनी जुनेच क्लाउड खाते घातले होते, कारण पासवर्ड तेवढा एकच पाठ होता. ते खाते त्यांचेच होते. म्हणजे कार्यालयाचे होते. आठ वर्षांपूर्वी 'आजच्या आज क्लाउडवर जा' असा आदेश आला, तेव्हा फॉर्ममध्ये जन्मतारीख लिहायला एकही साहेब तयार होईना. भाऊसाहेबांनी आपली लिहिली. त्या एका खात्यावर सहा संगणक, दोन मोबाइल आणि प्रतीक्षालयातला पडदा सुरू झाला. खात्यात येईल ते चित्र पडदा दोन टोकनांच्या मधे आपोआप दाखवी. पुढे भाऊसाहेब निवृत्त झाले, खाते सेवेत राहिले. आत्मा वेळ झाली की देह सोडून जातो, त्याला कोणाची सही लागत नाही. खात्याला ती सवलत नाही.

"तो पडदा बंद होईपर्यंत मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही," काकू म्हणाल्या. "टाकलं तर लोक तोंडाआधी पावलालाच ओळखतील."

भाऊसाहेबांनी खात्यातले फोटो उडवले. संध्याकाळपर्यंत ते परत आले. खात्यात आलेली प्रत्येक गोष्ट हा कार्यालयीन अभिलेख असून तो पाच वर्षे नष्ट करता येणार नाही, अशी चोख व्यवस्था सेवेत असताना भाऊसाहेबांनीच लावली होती. आता उपाय एकच उरला. 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हे बटण त्यांनी दाबले. खात्री करून घेण्यासाठीचा सहा आकडी क्रमांक तत्परतेने निघाला आणि कार्यालयाच्या जुन्या मोबाइलवर जाऊन पोचला.

"तो मोबाइल कपाटात आहे," कार्यालयात शिपाई म्हणाला. "आणि कपाट उघडायला खातेधारकाची सही लागते."

"खातेधारक मीच ना!"

"तुम्ही निवृत्त, भाऊसाहेब. निवृत्त माणसाची सही चालत नाही."

"मग माझं खातं कसं चालतं?"

"चालतंय म्हणूनच तर कोणी हात लावत नाही."

कार्यालयप्रमुख बाई मायाळू होत्या. सही चालावी म्हणून त्यांनी भाऊसाहेबांना एका दिवसासाठी हंगामी नेमणूक देण्याचे ठरवले. नेमणुकीला वैद्यकीय कागद जोडणे बंधनकारक होते. भाऊसाहेबांच्या पिशवीत वैद्यकीय म्हणण्यासारखा एकच कागद होता, काकूंच्या पायाचा एक्स-रे. कागद कोणाचा असावा याविषयी नियम मौन बाळगून असल्याने तो स्वीकारण्यात आला, स्कॅन करण्यात आला आणि खात्यात जमा झाला. प्रतीक्षालयातल्या जनतेला टोकन पन्नासनंतर हाडही दिसू लागले.

"बघा, मी म्हटलं नव्हतं? मोडलेलं नाही," एक सुतार शेजारच्याला सांगत होता. "नुसती शीर चढलीय."

"तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"लाकूड काय अन् हाड काय, चीर कळते हो!"

कपाट उघडले. मोबाइल चार्ज झाला. क्रमांक आला, मुदत दहा मिनिटे. भाऊसाहेबांचे बोट बटणापर्यंत गेले आणि थबकले. बाहेरून आलेला क्रमांक आवक वहीत न नोंदवता वापरायचा? बत्तीस वर्षांच्या नोकरीत असला अनाचार त्यांच्या हातून घडला नव्हता. त्यांनी तो स्वतः वहीत नोंदवला, टिपणी लिहिली आणि बाईंसमोर ठेवली. बाई बैठकीत होत्या. मुदत संपली. दुसऱ्या क्रमांकाचेही तसेच झाले. तिसऱ्याच्या टिपणीवर बाईंनी शेरा मारला, 'आधीच्या दोन क्रमांकांचे काय झाले, खुलासा करावा.'

तेवढ्यात दारात काठीचा आवाज आला. नवऱ्याची वाट पाहून थकलेल्या काकू उंबऱ्याचा पण मोडून रिक्षाने स्वतःच आल्या होत्या. प्रतीक्षालयाची नजर आधी त्यांच्या पायावर गेली आणि सगळे अदबीने उठून उभे राहिले.

"बसा काकू, पाय वर घ्या."

"बर्फ लावता का?"

"आजीबाई, टाचेवर जोर देऊ नका हं!"

काकूंनी भिंतीकडे पाहिले. टोकन सत्तावन्न, हाड, टोकन अठ्ठावन्न. त्या सरळ टेबलापाशी गेल्या. "फोन आणा इकडे."

"अगं, क्रमांकाची अजून मंजुरी..."

"माझा पाय सुजला तेव्हा त्यानं मंजुरी घेतली होती का?"

त्यांनी नवा क्रमांक मागवला, आकडे टाकले, बटण दाबले. सहा संगणक, दोन मोबाइल आणि पडदा एका दमात काळे झाले. कार्यालय ठप्प झाले. अर्ज, नकाशे, टोकने, सारे गेले. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. नळाला आठ महिने पाणी नव्हते तेव्हाही नव्हता काढला.

"पण आता आम्हाला कळणार कसं?" सुतार कळवळून म्हणाला.

अर्ध्या तासात जनहितार्थ निवेदन तयार झाले: पडदा पूर्ववत सुरू करावा, नागरिकांना पायाची माहिती मिळण्याचा हक्क आहे. खाली त्रेचाळीस सह्या. बाईंनी ते तातडीने वर पाठवण्याचे आदेश दिले.

काकू भाऊसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून, मान ताठ ठेवून पायऱ्या उतरल्या. सगळी रांग खिडकीशी लोटली. टाच टेकतेय का? अजून लंगडतात का?

तुम्हालाही तेच विचारायचे असेल, तर निवेदनावर चव्वेचाळिसावी जागा मोकळी आहे. सही करा.