भग्न रुग्णालय दर्शन मंडळाची सहल

रुग्ण रुग्णालयातून दोनच रीतींनी बाहेर पडतो: बरा होऊन, किंवा चौघांच्या खांद्यावरून. रुग्णालय स्वतः ज्या तिसऱ्या रीतीने निघून जाते, तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास मात्र १९७३ सालापर्यंत नागपुरात झालेला नव्हता. ही उणीव भग्न रुग्णालय दर्शन मंडळाने भरून काढली. मंडळाचे सदुसष्ट टक्के सभासद नवकविता लिहीत. उरलेले ती ऐकत (यांना आश्रयदाते म्हणत).

दर रविवारी डबे बांधून मंडळ एखाद्या ओस इस्पितळात जाई. गंजल्या खाटेवर बसून चिवडा खाताना काळाच्या घशात अडकलेली शांतता ऐकू येते, असा अनुभव होता. पण इस्पितळे संपत आली. शेवटच्या इमारतीत सरकारने धान्य भरले आणि उंदरांच्या वर्दळीने तिचे एकाकीपण नासले. तेव्हा अध्यक्ष मार्तंडरावांनी जाहीर केले, की जो नवे भग्न रुग्णालय शोधील तो चिटणीस होईल.

गिरिधर घाटे या कारकुनाची झोपच उडाली. घरी, कचेरीत किंवा सासुरवाडीत त्याला आजवर कोणी कशाचेही चिटणीस केले नव्हते. सायकलवरून त्याने शहर पालथे घातले आणि कोराडीच्या वाटेवर त्याला ती इमारत भेटली. सगळे निकष जुळले. नळ कोरडा. भिंतींवर धुळीचा थर. शस्त्रक्रियागृहात पारव्यांची तिसरी पिढी नांदत होती. औषधांच्या कपाटात जाळे, जाळ्यात कोळी (तोही उपाशी). डॉक्टर औषधालाही नाही.

रविवारी मंडळ पोचले. मार्तंडराव गहिवरले.

"इतकं निर्भेळ ओसाडपण म्या आजवर पाहिलं नाही गा, गिरिधर."

तेवढ्यात व्हरांड्यातल्या एका गोधडीने कूस बदलली. आतून कौसल्याबाई उठून बसली.

"डॉक्टर आले काय?"

"नाही बाई," गिरिधर घाईने म्हणाला, "आम्ही नुसतं पाहाले आलो."

"मंग डॉक्टरच असान. ते बी नुसतं पाहूनच जाते."

चौकशीअंती असे निष्पन्न झाले, की इमारत चालू रुग्णालय आहे. आतल्या खोल्यांतही रुग्ण होते. गिरिधरचे चिटणीसपद डोळ्यांदेखत विझू लागले. मार्तंडरावांनी चष्मा पुसला.

"घाबरतं काहून गा? रुग्णालय तर केव्हाच गेलं. हे लोकच फक्त राहून राहिले."

'रुग्णांची उपस्थिती भग्नतेस बाधक मानू नये' असा ठराव तिथेच मांडण्यात आला. सर्वांनी हात वर केले. कौसल्याबाईनेही हात पुढे केला, नाडी पाहावी म्हणून. ते अनुकूल मत धरण्यात आले, ठराव एकमताने संमत झाला आणि गिरिधर चिटणीस झाला. नंतर सर्वांनी चिवडा खाल्ला.

नव्या चिटणिसाने लगेच सभासदनोंदणी उघडली. अट एकच: व्हरांड्यातल्या माणसाला वळसा घालून पुढे जाता आले पाहिजे. वाचकहो, आपण कौसल्याबाईपाशी हसलात आणि पुढे आलात. तिला काय झाले होते, हे विचारले नाहीत. आपली नोंदणी पक्की आहे. रविवारी डबा आणावा.