गयाकाकूच्या माळवदावरचा चेंडू

गयाकाकूच्या माळवदावर व्हॉलीबॉलचा चेंडू गेला की खेळ थांबायचा. चेंडू परत मिळायचा, नाही असं नाही. पण चूक कुणाची हे ठरल्याशिवाय नाही. काकू पदर खोचून, चेंडू मांडीवर घेऊन बसायची आणि खाली ओरडायची, "कुणी घालवला? हाजिर व्हा!"

हाजिर म्हणजे दगडी पायऱ्या चढून थेट वर. खालून बोललेलं चालायचं नाही. "तिथून गवाई ऐकू येत न्हाई मला," म्हणायची. खरं तर पलीकडच्या गल्लीत कुणाचं दूध उतू गेलं तरी तिला ऐकू यायचं.

तिचे वडील निजामाच्या काळात तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. बाकी काही मागे ठेवलं नाही त्यांनी, पण साक्षीला गवाई, निकालाला फैसला, हाजिर असले शब्द लेकीला देऊन गेले. फैसला झाला की दंड. दंड एकच. गुन्हेगाराने आडावरून घागरभर पाणी आणून काकूच्या माळवदावरच्या रांजणात ओतायचं. मग चेंडू.

आमचं माळवद तिच्या माळवदाला लागून. मी नवी सून, गड्यांसमोर तोंड उघडायची नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, पण शाळेचं मैदान मात्र वरून पुरतं दिसायचं. मी कुरडया वाळत घालायला म्हणून जायची आणि कुरडया वाळून कडक झाल्या तरी खाली उतरायची नाही.

खेळ मला काकूनेच शिकवला. नेटजवळ उभा राहून चेंडू वर उचलून देतो तो लिफ्टर. धावत येऊन, उडी मारून, पलीकडे हाणतो तो स्मॅशर. टाळ्या सगळ्या स्मॅशरला.

आमच्या गावचा लिफ्टर होता अशोक, बौद्धवाड्यातला. काटकुळा, लांब बोटांचा. त्याची लिफ्ट गावात कुणी पाहिली नव्हती अशी. नेटच्या या टोकापासून त्या टोकाच्या खांबापर्यंत चेंडू सरळ रेघ मारल्यासारखा जायचा. समोरच्यांची मान वळायच्या आत. स्मॅशर होते माझे दीर, बालाजी भाऊजी. ते वेळेवर पोचले तर पलीकडे धूळ उडायची. नाही पोचले तर चेंडू त्यांच्या बोटांना चाटून थेट काकूच्या माळवदावर.

यावरून गावात दोन तट. मैदानासमोरच्या म्हादू शिंप्याचं म्हणणं, "लिफ्ट लांब जाती." काकूचं म्हणणं, "लिफ्ट बराबर हाय. ह्यो उडी मारंना गेलाय. उडीला काय पैसं पडत्यात का?"

म्हादू मशीन थांबवून दुकानातून ओरडायचा, "काकू, तुमाला खेळातलं काय कळतंय?"

"तुला कापडातलं कळतंय तेवढं!" काकू वरून. "दिवाळीला माझ्या झंपराच्या बाह्या लांब झाल्या तवा काय म्हणालास? काकू, तुमचे हात आखूड हाईत! मग आता लिफ्ट कशी काय लांब झाली रे? बालाजीचे हात आखूड म्हण की!"

अख्खं मैदान हसायचं. म्हादू इतक्या जोरात मशीन हाणायचा की दोरा तुटायचा.

पहिल्यांदा अशोक गुन्हेगार ठरला तो दिवस मला आठवतो. तो खालच्या पायरीवरच थांबला होता.

"वर ये," काकू म्हणाली.

"इथूनच सांगतो काकू. माझंच चुकलं, हात घसरला."

"तिथून गवाई ऐकू येत न्हाई."

तो वर आला. काकूने घागर पुढे केली. त्याने घागरीकडे पाहिलं, मग काकूकडे. "रांजणात... मी ओतू?"

"मग कोण, म्हादू? चल, ऊन उतरायलंय."

त्याने ओतलं. खाली म्हादूचं मशीन मधेच थांबलं. काकूने तिथेच तांब्या बुडवला, घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "गार हाय."

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे. नाव बदलावं की नको, यावरून पारावरची माणसं एकमेकांकडे पाठ करून बसू लागली होती. मैदानावर त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. पण माळवदावरून उडी दिसते. दुसऱ्या कुणी लिफ्ट दिली की बालाजी भाऊजी हरणासारखे उडायचे. अशोकची लिफ्ट आली की त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे.

जत्रा जवळ आली. जत्रेत सामने, आणि शेवटी गाठ पडणार ती गंगाखेडच्या संघाशी. ते दरवर्षी यायचे, आमची बक्षिसाची ढाल घेऊन जायचे. सामन्याच्या आदल्या दिवशी म्हादूच्या दुकानात बैठक बसली आणि ठरलं, अशोकला काढायचा. कारण? लिफ्ट लांब जाते.

नेमका त्याच संध्याकाळी चेंडू माळवदावर आला. संघाकडे तो एकच चेंडू.

"आज चेंडू मिळायचा न्हाई," काकू म्हणाली. "जप्त."

भाऊजी तणतणत वर आले. मी कुरडयांच्या बाजेआड बसले. "काकू, उद्या सामना हाय!"

"अशोक खेळणार आसंल तर चेंडू. न्हाई तर गंगाखेडवाल्यांसंगं लगोरी खेळा."

"लिफ्ट लांब देतो तो. सगळे म्हणायलेत."

काकू उठली. बुटकी बाई, भाऊजींच्या छातीला लागायची. मान वर करून म्हणाली, "बाल्या, तू हात कुणाचा हाय ते बघायलास. चेंडू बघंना गेलास."

भाऊजी तसेच खाली उतरले. रात्री जेवताना त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अशोक खेळला.

काय सामना झाला तो! झाडावर पोरं, भिंतीवर पोरं, माझ्या शेजारी गल्लीतल्या साऱ्या बायका. गंगाखेडवाले एक पॉइंट मारायचे, आम्ही एक मारायचो. काकू जागेवर बसेचना. कठड्यापासून रांजणापर्यंत, रांजणापासून कठड्यापर्यंत. "हाण! हाण! आरं, झोपलास का!" शेवटच्या डावात बरोबरी झाली. मग आम्ही एकाने पुढे. अशोक नेटखाली सरकला, गुडघ्यात वाकला, आणि त्याने ती दिली. तीच ती, खांबापर्यंतची.

"लांब गेलीऽऽ!" म्हादू किंचाळला.

"उडी!" काकू ओरडली. आणि काय सांगू, माझ्या तोंडूनही निघालं, "भाऊजी, उडी!"

ते उडाले. इतके उंच की बनियन वर सरकून पोट दिसलं. चेंडू पलीकडे पडल्याचा आवाज तेवढा ऐकू आला, पडताना कुणाला दिसलाच नाही. हलगी वाजली, गुलाल उडाला. पोरांनी भाऊजींना खांद्यावर घेतलं. भाऊजींनी वरून हात लांब करून अशोकची कॉलर धरली आणि त्यालाही ओढून वर घेतलं.

काकू मटकन खाली बसली. "झाला फैसला," म्हणाली आणि पदराने नाक पुसू लागली.

जिंकलेल्या पोरांना वाटलं, काकूचे उपकार फेडावेत. गंगाखेडला जाऊन गोदावरीच्या भोयांकडून मासे धरायचं जुनं जाळं आणलं आणि बांबू रोवून तिच्या घराच्या बाजूने उंच ताणून बांधलं. "आता तुमच्या माळवदावर चेंडू पडायचा न्हाई काकू!"

"बरं केलंत बाबा," काकू म्हणाली. "लय ताप होता."

त्यानंतर चेंडू जाळ्याला लागायचा आणि खाली पडायचा. फैसले बंद झाले. पायऱ्यांवर कुणाचं पाऊल वाजेना. काकूची लेक लांब दिलेली, मालक जाऊन कैक वर्षं झालेली. ती मैदानाकडे पाठ करून शेंगा फोडत बसायची. म्हादूने मुद्दाम हाक मारली, "काकू, आजची लिफ्ट लांब होती का हो?" तर म्हणाली, "आसंल बाबा." म्हादूसुद्धा घाबरला. पाण्याची घागर ती एक एक पायरी दम खात वर आणायची, ते बघवेना म्हणून मग सकाळी मीच तिचा रांजण भरून ठेवू लागले.

एका संध्याकाळी खेळ रंगात होता. अशोक नेटखाली आला. भाऊजी धावायला लागले डावीकडे, आणि अशोकने चेंडू दिला तो भलतीकडेच, वर, उंच, बांबूंच्याही वरून. अशी लिफ्ट त्याने जन्मात दिली नव्हती. चेंडू काकूच्या शेंगांच्या सुपात पडला.

"बघा! बघा!" म्हादू दुकानातून नाचतच बाहेर आला. "सांगत हुतो का न्हाई, लांब देतो म्हणून!"

काकूने चेंडू हळूच मांडीवर घेतला. पदर खोचला. अशोक कुणी बोलवायच्या आत वर आला होता.

"माझी चूक काकू. लांब गेली."

"खोटं बोलू नगंस. लिफ्ट बराबर हुती." काकू कठड्याशी गेली. "बाल्या! उडी मारली न्हाईस. हाजिर हो!"

भाऊजी चेंडूपासून वीस हात लांब होते. पण पायऱ्या चढून वर आले आणि अशोकशेजारी मान खाली घालून उभे राहिले. "चुकलो काकू."

"दोघं मिळून घालवलात. दोघं दोन घागरी आणा. रांजण भरल्याबिगर चेंडू मिळायचा न्हाई."

दोघे घागरी घेऊन खाली धावले. खाली म्हादू ओरडत होता, "आवो काकू, अंधार पडायलाय, चेंडू तरी द्या!" आणि काकू वरून पुन्हा त्याने शिवलेल्या बाह्यांचा विषय काढत होती.

रांजण काठोकाठ भरलेला होता. सकाळी मीच भरला होता. मी आपली कुरडया उलटत राहिले.