अदृश्य खेळाडूचा जाहीर सत्कार

कोल्हापुरात मूल जन्माला आलं की त्याची नोंद दोन ठिकाणी होते. दाखल्यासाठी सरकारी कचेरीत आणि शुभेच्छांसाठी चौकातल्या फ्लेक्सवर. पहिल्या नोंदीला तीन-चार खेपा घालाव्या लागतात. दुसरी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत होऊन जाते, कारण ती तौसीफ शिकलगारच्या हातात असते.

तौसीफ नऊ वर्षं एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर होता. वाढदिवस, निवड, फेरनिवड, निवड हुकल्याबद्दलची सांत्वनपर शुभेच्छा, सगळं त्याच्या कॉम्प्युटरवरून जायचं. त्यानं हजारो चेहरे गोरे केले होते, शेकडो चामखिळी काढल्या होत्या, आणि ज्यांनी जन्मात कोट घातला नाही त्यांच्या मुंडक्याखाली कोट नीट बसवून दिला होता. कानाला मोबाईल लावून दूरवरच्या संकटाकडे बघणारे नेते तर तो डोळे मिटून कापायचा. त्याचा स्वतःचा चेहरा मात्र कसा आहे, हे पेठेत कुणाला सांगता आलं नसतं. गिऱ्हाईक त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत बोलायचं, मिशी जरा दाट करून घ्यायचं आणि निघून जायचं.

याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. दिवसभर लोकांची तोंडं मोठी करून झाली की आपलं तोंड कुणाला दाखवू नये असंच त्याला वाटायचं. त्याची सोय मोबाईलमध्ये होती. ‘सावट’ नावाचा एक ऑनलाइन खेळ होता. चार चोर, चार पहारेकरी आणि एक अंधारा बंगला. चोरांनी गुपचूप शिरायचं, तिजोरीतली फाईल उचलायची आणि बाहेर पडायचं. हत्यार काही नाही. पहारेकऱ्यांच्या हातात बॅटरी. तिचा उजेड ज्याच्या अंगावर पडला तो बाद. थोडक्यात, जो दिसला तो संपला. तौसीफला हा नियम फार न्याय्य वाटायचा.

पेठेतलेच तिघं त्याच्या जोडीला होते. कॉमर्सला शिकणारी स्नेहल, जिममध्ये शिकवणारा सम्राट आणि बँकेत चिकटलेला ऋतुराज. चौघं आपापल्या घरून खेळायचे. असं गपचूप खेळता खेळता ते राज्यस्तरीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जाऊन पोचले. समोर पहाऱ्याला कागलचा संघ होता. सामना रविवारी, सकाळी अकराला.

संपूर्ण स्पर्धेत जो एकदाही दिसला नाही, त्याला खेळाकडून ‘निराकार’ हा किताब मिळायचा. आजवर तो कुणालाच मिळाला नव्हता. तौसीफ सत्तेचाळीस सामने खेळला होता आणि एकाही पहारेकऱ्याला सापडला नव्हता. हा किताब त्याला हवा होता. इतकी ओढ त्याला लग्नाच्या वेळीसुद्धा नव्हती, असं त्याची बायको सबिना सांगते, आणि ती खोटं बोलत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग ही बातमी रणझुंजार तरुण मंडळाच्या अध्यक्षांना लागली.

अध्यक्ष हंबीरराव गेली सव्वीस वर्षं तरुण होते. ते दुकानात आले आणि सवयीप्रमाणे स्क्रीनशी बोलू लागले.

"तौसीफ, आपली पोरं फायनलला गेली आणि मला कागलच्या माणसाकडनं कळतंय. ही काय पद्धत झाली का?"

"अध्यक्ष, गपचिप खेळायचाच खेळ हाय त्यो. दिसलं की आउट."

"मग खेळात नका दिसू. फ्लेक्सवर दिसा की. तितं कोण आउट करतंय? बारा बाय वीसचा टाक."

या युक्तिवादात खोट काढणं अवघड होतं. तौसीफनं फ्लेक्स केला. ‘गुप्त मोहिमेस जाहीर शुभेच्छा’ असा वर मथळा, दोन तृतीयांश जागेत हंबीरराव, उरलेल्या जागेत मार्गदर्शक, आधारस्तंभ आणि प्रेरणास्थानं. तळाला सदऱ्याच्या गुंडीएवढ्या गोलात चार खेळाडू आणि प्रत्येकाखाली त्याचं खेळातलं टोपणनाव.

"टोपणनाव नको अध्यक्ष. कागलवाले ओळखतील कोण कोण हाय ते."

"ओळखू देत. आपून काय भितोय व्हय कुणाला?" हंबीररावांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "आणि ह्या चौथ्याचं तोंड कुठाय?"

"त्यो मीच हाय."

"मग फोटो टाक की लेका. दाखवायला लाज वाटत्या काय?"

तौसीफनं फोटो मिळाला की टाकतो म्हणून सांगितलं आणि तो गोल तसाच करडा ठेवला.

फ्लेक्स लागल्यावर सामना चौकात मोठ्या पडद्यावर दाखवणं ओघानंच आलं. पडदा आला म्हणजे परवानगी आली. परवानगी ज्या कार्यालयाकडून घ्यायची त्याचं नाव इथं घेत नाही, कारण त्यांच्याकडे आमचीही एक फाईल आहे. तिथले हेडक्लार्क गणपतराव यांनी अर्ज उलटासुलटा करून पाहिला. पडद्यावर खेळ दाखवण्याच्या अर्जाचा नमुना त्यांच्याकडे उपलब्ध नव्हता. मिरवणुकीचा होता.

"ही मिरवणूक न्हाई साहेब," तौसीफ म्हणाला.

"पावणं, चार माणसं एका ठिकाणाहनं दुसऱ्या ठिकाणी जाणार का न्हाय?"

"जाणार. पण गेमात."

"कुठंबी जाऊ देत. रकाना सात भरा. निघायचं ठिकाण, थांबे, शेवटचं ठिकाण. मार्गाचा नकाशा तीन प्रतींत."

"मार्ग सांगितला तर लपायचं कसं?"

गणपतरावांनी चष्मा काढला. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत इतका पोरकट प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "लपायला आमची हरकत न्हाई," ते म्हणाले, "फकस्त कुठं लपणार ते कळवून लपा."

तौसीफचं बोट रकान्यावर थांबलं होतं. सोबत आलेल्या हंबीररावांनी ते उचलून बाजूला केलं आणि सम्राटकडून नकाशा काढून घेतला. पश्चिमेची खिडकी, जिन्याखालचं कपाट, तिजोरी, मागचं दार, सगळं लाल शाईनं. नियमानुसार तो नकाशा हरकती व सूचनांसाठी सात दिवस नोटीस बोर्डावर लावण्यात आला. त्या बोर्डावरचं काही कुणी वाचल्याचं आजवर कुणाच्या ऐकिवात नाही. कागलच्या संघानं वाचलं. फोटो काढून नेला आणि वर एक हरकतही नोंदवली.

सुनावणी झाली. कागलचा कप्तान राजवर्धन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तो अगदी अदबीनं बोलला.

"आमचा विरोध न्हाई साहेब. फकस्त नकाशात दावलंय तिथनंच यायला सांगा. ऐनवेळी बदल झाला तर आमच्या पहाऱ्याची गैरसोय हुईल."

मागणी रास्त होती. दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला: ‘उभय पक्षांचे म्हणणे ऐकून घेतले. सबब, चोरांनी नकाशात दर्शविलेल्या पश्चिमेकडील खिडकीतूनच प्रवेश करावा. पहारेकऱ्यांनी सदर वेळी सदर ठिकाणी उपस्थित राहून सहकार्य करावे. लपण्यामुळे वाहतुकीस अडथळा झाल्यास परवानगी आपोआप रद्द समजण्यात यावी.’

स्नेहलनं आदेश दोनदा वाचला आणि दुकानात येऊन तौसीफसमोर ठेवला.

"तौसीफदादा, आता खेळायचं काय ऱ्हायलं?"

 तौसीफचं डोकं पेटलं होतं. नऊ वर्षांत त्यानं परवाना क्रमांकाशिवाय एकही फ्लेक्स छापला नव्हता. सगळ्यांवर एकच क्रमांक असायचा, ती गोष्ट वेगळी. पण आता प्रश्न त्याच्या एकट्याच्या किताबाचा होता.

"तुमी तिघं खिडकीतनं जावा," तो म्हणाला. "त्यांच्या बॅटऱ्या तितंच गुतू देत. मी मागच्या गटारातनं येतो. विनापरवाना."

रविवारी चौकात स्टेज पडलं. तीन खेळाडू फेटे बांधून खुर्च्यांवर बसले. तौसीफ दुकानाचं शटर ओढून फ्लेक्सच्या रोलांच्या आड जमिनीवर बसला. त्यानं मोबाईल पडद्याला जोडायलाही नकार दिला होता, म्हणून पडद्यावरच्या चार चौकोनांपैकी त्याचा चौकोन काळाच राहिला.

अकरा वाजता प्रमुख पाहुणे मलकापुरात दुसऱ्या एका कार्यक्रमात होते. हंबीररावांनी निवेदकाकरवी खेळाला अर्धा तास थांबण्याची विनंती केली. खेळाचा सर्व्हर कुठल्या देशात होता कोण जाणे, त्याला पाहुण्यांची काही माहिती नसावी. सामना ठरल्या वेळी सुरू झाला.

आणि सत्कारही सुरू झाला. ऋतुराजचा चोर खिडकीत चढत असताना ऋतुराजला श्रीफळ देण्यात आलं. दोन्ही हातांत श्रीफळ घेऊन मोबाईल चालवता येत नाही, त्यामुळे चोर खिडकीत उभाच राहिला. चार बॅटऱ्या सहकार्यासाठी उपस्थित होत्या. सम्राट कपाटापर्यंत पोचला, तेव्हा त्याच्या डोक्यावरून शाल आली आणि त्याला बंगल्यापेक्षा जास्त अंधार दिसला. स्नेहलनं पाहुण्यांच्या आधीच येऊन बसलेल्या बाईसाहेबांचा गुच्छ कोपरानं अडवला आणि मागच्या जिन्याच्या पायरीवर तग धरला. पण मंडळाच्या पेजवर पडद्याचं थेट प्रक्षेपण चालू होतं आणि कागलची पोरं ते एका डोळ्यानं पाहत होती. त्यांनी वर प्रतिक्रियेत अंगठाही टाकला. मग जिन्यात जाऊन तिला धरलं.

राहिला काळा चौकोन.

दुकानाच्या अंधारात तौसीफ श्वास रोखून खेळत होता. गटारातून आत, भिंतीच्या कडेनं वर, तिजोरी उघडली, फाईल हातात आली. मागच्या दारापाशी एक पहारेकरी फेऱ्या मारत होता. तो वळला की दहा पावलं चालायचं आणि बाहेर. तौसीफचा चोर दाराच्या पडद्याआड थांबला. तौसीफच्या छातीत इतकं धडधडत होतं की आवाज कागलला जाईल अशी त्याला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी केवळ त्याचं होणार होतं.

चौकात मात्र काळ्या चौकोनाकडे बघून लोक कंटाळले. चौथा कुठाय, चौथा कुठाय, असा गलका झाला. हंबीररावांनी माईक घेतला.

"आपला चौथा वाघ दुकानात लपून बसलाय. चला, त्याला मानानं आणूया."

हलगी वाजवत दीडशे माणसं रस्ता ओलांडून आली आणि शटर वर गेलं. फ्लेक्सच्या रोलांवर भसकन ऊन पडलं. हार, शाल, फेटा, कॅमेरा, सगळं आत शिरलं आणि एक क्षण थबकलं.

"ह्यातला तौसीफ कंचा?" कुणीतरी विचारलं. आत एकच माणूस होता.

हंबीररावांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा स्क्रीन सोडून त्याच्याकडे पाहिलं. "तू व्हय? देखणा हाईस की रं." मग ते बाजूला सरकले, अगदी स्वतःहून बाजूला सरकले, आणि म्हणाले, "वर बघ. तुझा एकट्याचा फोटो."

मोबाईलवर पहारेकरी पाठ फिरवत होता. दहा पावलं. मान खाली ठेवून अंगठा पुढे दाबला की काम झालं असतं. तौसीफला हे पक्कं ठाऊक होतं. पण समोर दीडशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. मिशी कुणाची दाट करायची नव्हती, कुणाला कोट बसवायचा नव्हता. सगळे फक्त त्याच्याकडे बघत होते. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार फार बरं वाटलं.

त्यानं मान वर केली. हनुवटी किंचित डावीकडे घेतली, कारण उजवी बाजू त्याला आवडत नव्हती, हे त्याला त्याच क्षणी कळलं. फोटो निघाला. दुसरा निघाला. तिसरा फेट्यासह निघाला. त्यानं खाली पाहिलं तेव्हा मोबाईलच्या काचेवर पांढरा उजेड पसरला होता आणि त्यात कागलचे पहारेकरी नाचत होते.

गर्दी पांगल्यावर स्नेहल दारात आली. फेटा तिनं काढून हातात धरला होता.

"दहा पावलं हुती, दादा."

तौसीफला तिच्याकडे बघवेना. लाज वाटली आणि डोळे भरून आले.  ती थोडा वेळ थांबली, मग गेली.

हंबीररावांना पराभवाचं फारसं काही वाटलं नाही. सत्कार चांगला झाला होता. सोमवारी त्यांचा फोन आला: बारा बाय वीस, मथळा ‘न दिसता लढले, दिसून हरले, तरीही हार्दिक अभिनंदन’. तौसीफ कामाला बसला. चौघांचे गोल लावले. मग आपला गोल थोडा मोठा केला. हनुवटीजवळचा डाग काढला. आणखी थोडा मोठा केला. आता ऋतुराज आणि सम्राट बसेनात, म्हणून त्यांना शुभेच्छुकांच्या रांगेत टाकलं. स्नेहलला कुठं बसवावं याचा त्यानं प्रामाणिकपणे पाऊण तास विचार केला आणि तिचं नाव ठेवून फोटो काढून टाकला. तिनं फोन केला नाही. ‘सावट’ही त्यानं त्यानंतर कधी उघडला नाही. अंधारात बसून मिळतं काय, असं तो हल्ली म्हणतो.

फ्लेक्स अजून चौकात आहे. शुभेच्छुकांच्या एकशे चाळीस चेहऱ्यांत आमचाही आहे, चौथ्या ओळीत डावीकडून नववा. सामना बघायला आम्ही गेलो नव्हतो, पण त्यावाचून काही अडलं नाही. पुढच्या फ्लेक्सला अजून दहा-बारा जणांची जागा शिल्लक आहे, असं तौसीफचं म्हणणं आहे. तुम्ही एवढं हसत वाचलंत, म्हणून तुमचं नाव आम्ही सुचवलंय. फोटो तेवढा पाठवा. फक्त आत्ता तुमच्या मनात आला तो नको. त्यात तुम्ही जरा जाड दिसता.