आभार कमी पडले

विमान पडल्याला दोन वर्षं होत आली, तेव्हा राष्ट्रीय सांत्वन मंत्रालयाने एकंदर परिस्थितीचा सखोल आढावा घेतला आणि मृतांच्या नातेवाइकांमध्ये कृतज्ञतेचं प्रमाण समाधानकारक नाही, असा निष्कर्ष काढला.

विमान दुआलाहून मारुआला निघालं होतं आणि वाटेतल्या डोंगरात पडलं, याबद्दल सरकारदरबारी दुमत नव्हतं. दुमत होतं ते का पडलं याबद्दल. बॉम्ब असेल तर प्रकरण दहशतवाद विभागाचं, आणि यंत्र, पायलट किंवा कंपनीचा हलगर्जीपणा असेल तर दुर्घटना विभागाचं. हे दोन्ही विभाग मंत्रालयाच्या एकाच व्हरांड्यात समोरासमोर होते आणि त्यांच्यात पिण्याच्या पाण्याचा माठ सामाईक होता. कारण ठरत नाही तोवर मृतदेह पुरावा समजले जातील, असा नियम असल्याने सीलबंद शवपेट्या दुआला विमानतळावरच्या मालाच्या जुन्या शेडमध्ये कुलूपबंद होत्या.

"बॉम्बचा दाट संशय आहे," दुर्घटना विभागाचे अधिकारी सांगत. "समोर विचारा."

"त्या दिवशी पाऊस होता," दहशतवाद विभागाचे अधिकारी सांगत. "समोर विचारा."

मादाम क्लोतिल्द जुइजे यांनी हा व्हरांडा इतक्या वेळा ओलांडला होता की शिपाई त्यांना नव्या बदल्यांची बातमी विचारू लागले होते. मादाम दुआलातल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांचा नवरा एतिएन नौबिसी (मादामनी माहेरचंच आडनाव ठेवलं होतं) गुरांचा डॉक्टर. मारुआकडे गुरांची साथ आली म्हणून तो गेला होता. विमानात बसण्याआधी त्याने फोन केला आणि म्हणाला, "शुक्रवारी येतो. मोठी केळी तळून ठेव, आणि या वेळी मीठ घाल." सत्तावीस वर्षांच्या संसारातलं त्याचं हे शेवटचं वाक्य, आणि त्यातही टोमणा होता. मादाम अजून त्याच्यावर त्यासाठी चिडायच्या आणि मग रडायच्या.

गावाकडे, बांगांतेला, धाकटा दीर सिग्ने वाट बघत होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

"वहिनी, दादा कधी येतोय?"

"कागद अडकलाय रे."

"कागद अडकू दे की. दादाला का अडकवलंय? इथे बापाशेजारी जागा साफ करून ठेवलीय, तिच्यावर दोनदा गवत उगवलं. पुढे वेळ आली की आपल्या रीतीप्रमाणे दादाची कवटी मातीतून काढून घरात पूर्वजांशेजारी ठेवायचीय. घरात काही बरंवाईट झालं तर आम्ही विचारायचं कुणाला? मंत्रालयाला?"

माणूस मातीत गेल्याशिवाय त्याच्या बायकोचं सुतकही संपत नाही. मादामचे काळे कपडे विटून राखाडी झाले होते.

नातेवाइकांची एक संघटना होती आणि मादाम तिच्या अध्यक्ष होत्या. खजिनदार होते मारुआचे गुरांचे व्यापारी अल्हाजी याऊबा. त्यांची मुलगी दीजा नर्स होती, नोकरीवर रुजू झाल्यावर पहिल्यांदाच त्या विमानाने घरी परतत होती. अल्हाजींच्या जिभेला हाड नव्हतं. मादाम अर्जाचा मसुदा वाचायला लागल्या की ते डोळे मिटून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "छान. आता यातलं मागणं कुठे आहे तेवढं बोट ठेवून दाखवा."

तर असे हे दोघे, मंत्रालयाने कृतज्ञतेचं प्रमाण मोजल्यावर, सांत्वन संचालक ओलिंगासाहेबांसमोर बसले. ओलिंगासाहेब सज्जन होते. दुःखी माणूस समोर आला की ते पंखा त्याच्याकडे वळवत.

"तुमचे सगळे अर्ज मी वाचले," ते म्हणाले. "प्रत्येक अर्ज मागणीने सुरू होतो. मादाम, तुम्ही शाळा चालवता. जेवायला बसण्याआधी मुली हात धुतात ना?"

"धुतात."

"मग आधी कृतज्ञता-निवेदन द्या, रेडिओवर बातम्यांत वाचलं जातं ते. साध्या नळासाठी लोक देतात. माझ्या गल्लीत नळ आला तेव्हा दिलं, आणि नळ आटला तेव्हा तो पूर्वी आला होता याबद्दल दिलं. तुमचं तर एवढं मोठं काम आहे."

"आभार कशाचे मानायचे?" अल्हाजींनी विचारलं. "पोरगी गेली याचे?"

"छे छे. इतरही बरंच आहे. शोध घ्या."

मादामनी शोध घेतला. मुलींचे निबंध तपासण्यात आयुष्य गेलेली बाई; तिला एकदा विषय दिला की ती मागे हटत नसे. मंत्रिमहोदयांनी अपघातानंतर पाठवलेल्या शोकसंदेशाबद्दल, शवपेट्यांच्या उत्तम लाकडाबद्दल आणि आमची माणसं सुरक्षित, कोरड्या जागी जपून ठेवल्याबद्दल तिने असं निवेदन लिहिलं की रेडिओवरच्या निवेदिकेचा आवाज वाचताना कापरा झाला. नातेवाईकही हरखले. इतक्या दिवसांत त्यांचं काहीतरी पहिल्यांदाच स्वीकारलं गेलं होतं. शेवटच्या ओळीत मागणी होती, पण बातम्यांची वेळ संपल्याने ती राहिली.

पंधरवड्यात उत्तर आलं. शवपेट्या सुरक्षित व कोरड्या जागी असल्याबद्दल नातेवाइकांनी उत्स्फूर्त समाधान व्यक्त केलं असल्याने त्या तिथून हलवणं त्यांच्या भावनांशी खेळण्यासारखं होईल, असं मंत्रालयाचं मत पडलं होतं.

"घ्या," अल्हाजी म्हणाले. "आणि लाकडाचं कौतुक करा."

मादामनी हार मानली नाही. चूक विषयाची होती, त्यांनी ठरवलं. आभार जागेचे नको, कामाचे मानायला हवेत. दुसऱ्या निवेदनात त्यांनी दुर्घटना विभागाच्या अथक परिश्रमांना मानाचा मुजरा केला. ते पोचताच दहशतवाद विभागाने फाइल बंद केली. नातेवाइकांनी दुर्घटना विभागाचे आभार मानले, म्हणजे ती दुर्घटना होती हे त्यांना मान्य आहे. मादाम आनंदल्या. कारण ठरलं! पण दहशतवाद विभागाने लेखी नाराजी कळवली की परिश्रम त्यांनीही घेतले होते, आणि माठाचं पाणी तर तेच भरतात. ओलिंगासाहेबांनी समजूत घातली: "दोन मुलींपैकी एकीलाच शाबासकी दिलीत तर दुसरीला काय वाटेल?" मादामनी तिसरं निवेदन लिहिलं. त्याबरोबर दुर्घटना विभागानेही फाइल बंद केली, कारण आता नातेवाइकांना बॉम्ब मान्य होता.

अशा रीतीने विमान पडलं होतं, पण पडण्याला कारण उरलं नाही. आणि कारण ठरत नाही तोवर शवपेट्या पुरावा होत्या. आता कशाचा पुरावा, हे सांगणारा विभागच शिल्लक नव्हता.

"मादाम," अल्हाजी त्या दिवशी टोमणा न मारता म्हणाले, "तुमची भाषा फार सुंदर आहे हो. पण तिच्याखाली आमची पोरं सापडेनाशी झालीत."

हे वाक्य मादामना लागलं. त्या रागावल्या, मग घरी जाऊन केळी तळत बसल्या, आणि मीठ घालायचं पुन्हा विसरल्या.

तिसऱ्या स्मृतिदिनी मंत्रालयाने भव्य समारंभ ठरवला. समारंभ म्हटला की खास छापलेलं कापड आलंच. मधोमध मंत्रिमहोदयांची हसरी छबी, आणि काठाला सगळ्या मृतांची नावं, मुंगीच्या आकारात. मादामनी शिंप्याकडे झगा शिवायला टाकला. शिवून आला तेव्हा छाती-पाठीवर मंत्रिमहोदय नीट बसले होते आणि काठ आत दुमडला गेला होता. एतिएन दुमडीत गेला होता. मादामनी शिंप्याला जाब विचारला तर तो म्हणाला, "मादाम, साहेबांचं तोंड कापलं असतं तर मला आत टाकलं असतं. डॉक्टरसाहेब समजूतदार माणूस होता, तो काही म्हणणार नाही."

मैदानात मंडप होता. निमंत्रितांसाठी. शोकाकुल प्रसंगी पाहुण्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यांना सावली आणि थंड पाणी होतं. नातेवाइकांना दुःखाची सवय असल्याने त्यांची व्यवस्था उन्हात होती. ओलिंगासाहेबांनी जाता जाता मादामच्या कानात सांगितलं, "आजचं निवेदन जमून आलं तर काम झालंच समजा. मंत्रिमहोदय भावुक माणूस आहेत."

सिग्ने गावाहून उसना ट्रक घेऊन आला होता. ट्रकमध्ये त्याने गवत अंथरलं होतं, दादाला हादरे बसू नयेत म्हणून. ते गवत मादामनी पाहिलं होतं.

त्या माइकसमोर गेल्या. हातात निवेदन होतं, तीन पानांचं, आयुष्यातलं सर्वोत्तम. पहिल्या ओळीत मंत्रिमहोदयांना सूर्याची उपमा होती. मादामनी वर पाहिलं. सूर्य होताच, आणि त्याच्याखाली अल्हाजी रुमाल डोक्यावर टाकून उभे होते.

"एतिएन माझा नवरा आहे," मादाम म्हणाल्या. "त्याला द्या. मला घरी न्यायचंय."

आणि त्या खाली उतरल्या.

मग उन्हातल्या रांगेतून सवयीने टाळ्या सुरू झाल्या आणि मंडपापर्यंत गेल्या. मंत्रिमहोदयांनी हात जोडले. बाईंनी आपले आभार मानले असावेत, असा त्यांचा समज झाला.

ओलिंगासाहेबांचा झाला नाही. संध्याकाळच्या आत नातेवाइकांची तातडीची बैठक त्यांच्या उपस्थितीत भरली.

"काय ही पद्धत!" एक गृहस्थ म्हणाले. त्यांचे दोन भाऊ शेडमध्ये होते. "नमस्कार नाही, चमत्कार नाही. द्या म्हणे! बाजारात आलीय का?"

"मागायला कुणाची ना नाही," दुसऱ्या बाई म्हणाल्या. "पण गोड बोलून मागता येतंच की. आमचं होत आलेलं काम हिने घालवलं."

मादामचा असभ्यपणा मंत्रिमहोदयांनी शांतपणे सहन केला, त्याबद्दल त्यांचे आभार मानणारं निवेदन एकमताने मंजूर झालं. अल्हाजींनीही सही केली. सही करताना त्यांनी मादामकडे पाहिलं नाही.

"अल्हाजी, तुम्हीसुद्धा?"

"दीजा आत आहे, बाई," ते म्हणाले. "माझी मान आज ताठ राहणार नाही."

पुढच्या आठवड्यात मंत्रालयाने अधिकृत नातेवाइकांची, प्रत्येक मृतामागे एक अशी, सुधारित यादी जाहीर केली. नातेवाइकाला शोभेल असं वर्तन नसल्यामुळे मादाम क्लोतिल्द जुइजे तीत नव्हत्या. सत्तावीस वर्षांचा संसार एका आदेशाने रद्द झाला. एतिएन नौबिसी, गुरांचे डॉक्टर, यांना आता सरकारी नोंदीप्रमाणे मागेपुढे कुणी उरलं नाही.

यातून जे घडलं, ते मंत्रालयाच्या ध्यानीमनी नव्हतं. शेड विमानतळाची होती, आणि विमानतळाचे स्वतःचे नियम होते. धनी नसलेला माल शेडमध्ये ठेवता येत नाही. जो नेईल त्याने न्यावा, अशी नोटीस फाटकावर लागली. त्यात एक फुटकी शिवणयंत्राची पेटी, सायकलची चाकं आणि एक शवपेटी होती.

मादाम आणि सिग्ने ट्रक घेऊन गेले. शेडवरचा कारकून शेंगदाणे खात होता.

"या पेटीतले तुमचे कोण?"

मादामनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सिग्ने त्यांच्याकडे बघत होता. बाहेर ट्रकमध्ये गवत होतं.

"कोणी नाही," मादाम म्हणाल्या.

"मग बरंय," कारकून किल्ली शोधत म्हणाला. "कोणी असतात तर मंत्रालयाचा कागद लागला असता."

एतिएनला बापाशेजारी ठेवलं. गवत तिसऱ्यांदा काढलं. मादामनी सुतकाचे कपडे उतरवले आणि पुरलेल्या मातीजवळ बसून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, तिथे शेडमध्ये आपण काय बोललो याची त्याची माफी मागितली. मग केळी ठेवली. मीठ घातलं होतं.

बातमी दुआलात पोचताच अल्हाजी याऊबा टॅक्सी करून मंत्रालयात गेले आणि आपल्यालाही यादीतून काढावं, अशी विनंती करू लागले. मागून इतर आले. ज्या गृहस्थांचे दोन भाऊ आत होते, ते आपण कुणाचेच भाऊ नाही असं शपथेवर सांगायला तयार होते. मंत्रालय गडबडलं, पण सावरलं. त्याच दुपारी नियमात दुरुस्ती झाली: कुठल्याही नातेवाइकाला नातं सोडायचं असल्यास, आजवरच्या सांत्वनाबद्दल कृतज्ञता-निवेदन जोडल्याखेरीज अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

दीजा अजून शेडमध्ये आहे. मादाम दर सोमवारी शाळा सुटली की शेडच्या फाटकापाशी अल्हाजींच्या शेजारी जाऊन उभ्या राहतात. यादीत नसलेल्या बाईने दुसऱ्याच्या मुलीसाठी तिथे उभं राहणं कोणत्या नियमात बसतं, याचा मंत्रालय अभ्यास करतंय.

मध्यंतरी ओलिंगासाहेबांचं मादामना एक सौजन्यपूर्ण पत्र आलं. शवपेटी आपल्याला मिळाल्याचं समजलं. याबद्दल आपल्याकडून अद्याप आभाराचे दोन शब्द आलेले नाहीत, याकडे त्यांनी नम्रपणे लक्ष वेधलं आहे. मादामनी पत्राला उत्तर दिलेलं नाही.

आता तुम्हालाही वाटत असेल की बाईंचं म्हणणं रास्त आहे, फक्त जरा सभ्यपणे सांगायला हवं होतं. आणि काम झालंच आहे, तर एक ओळ लिहून टाकायला काय जातं? ओलिंगासाहेबांचंही नेमकं हेच मत आहे. पुढच्या स्मृतिदिनाला अवश्य या. तुमच्यासाठी मंडपात खुर्ची राखून ठेवली आहे, सावलीतली.